एका सोमवाराचा बंदोबस्त

"सोमवार धरशील तं खुशाल एकटीनं धर, पोरी, पण सोडजो जोडीनं. एकटीनं सोडलेला सोमवार देवाघरी अर्धाच पोचते."

कोकिळाच्या सासूबाईंनी, जमनीबाईंनी, हे तूर निवडता निवडता सांगितलं होतं, सुपातला खडा बाजूला टाकावा तितक्या सहज. घरात त्यांना सगळे याडी म्हणत. बंजाऱ्यांच्या घरात आईला याडीच म्हणतात. पुढच्याच महिन्यात याडी गेल्या आणि त्यांची अट तेवढी मागे राहिली. माणूस समोर असतं तर पाया पडून थोडी सूट मागता आली असती. गेलेल्या माणसाची अट शासन निर्णयासारखी असते. ती रद्द करणारा अधिकारीच सापडत नाही.

सोळा सोमवारांचं व्रत कोकिळाने धरलं होतं ते नवऱ्याच्या बदलीसाठी. देवसिंग राठोड पोलिसात हवालदार. नेमणूक राजूरला, कोळशाच्या खाणींजवळ. पंधरा दिवसांतून एकदा आर्णीला घरी यायचे. त्यांचे रुमाल धुताना मोरीतलं पाणी काळं व्हायचं. कोकिळाला त्या काळ्या पाण्याची इतकी सवय झाली, की मधल्या दिवसांत मोरीतून स्वच्छ पाणी वाहताना पाहिलं तरी तिला करमत नसे. चौदावा सोमवार झाला आणि हुकूम आला: बदली आर्णी ठाण्याला. घरापासून चालत सात मिनिटं. देव पावला. देवाबद्दल कोकिळाची तक्रार तेव्हाही नव्हती, नंतरही नाही. तक्रार होती ती कापसाची.

दोन हजार सहाचा तो हिवाळा. कापूस घरात आला होता, पण तालुक्याचं खरेदी केंद्र काही उघडत नव्हतं. ज्याला ज्याला काही म्हणायचं होतं तो तो तहसील कचेरीसमोर येऊन म्हणत होता. आणि म्हणायचा वार ठरलेला: सोमवार. शनिवार-रविवारची सुटी भोगून साहेब सोमवारी हमखास खुर्चीत सापडतात, हे तालुक्यातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. मोर्चा आला की बंदोबस्त आला, आणि बंदोबस्त आला की देवसिंग सकाळी सातला टोपी घालून निघाले.

उद्यापन होईना. उद्यापन झाल्याशिवाय उपास सुटेना. सोळाचे वीस झाले, वीसचे तीस झाले. कोकिळाचं घर कचेरीच्या इतकं जवळ, की साबुदाणा भिजवताना तिला घोषणा ऐकू यायच्या. मधेच एक शिट्टी वाजायची, लांबलचक आणि शेवटी किंचित थरथरणारी. ती कोणाची हे तिला कोणी सांगावं लागत नसे. हात पाण्यात तसाच ठेवून ती शिट्टी संपेपर्यंत थांबायची. राजूरला असताना नवरा लांब होता, त्याचं एक होतं. सात मिनिटांवर असून नसलेला नवरा फार लांब असतो.

शेजारच्या विमलताईंना हे बघवेना. "फोटो ठेव नं पाटावर," त्या म्हणाल्या.

"अवं ताई, पाटावर फोटो कोणाचा ठेवतात?" कोकिळा इतक्या हळू म्हणाली, की विमलताईंना अर्थ कळायला दोन मिनिटं लागली आणि मग त्यांनी जीभ चावली.

"बरं मंग टोपी ठेव. पयले राजे लढाईवर असले तं तलवारीसंग लगन लावत होते. हे तं निस्तं उद्यापन हाये."

विमलताईंच्या सल्ल्यांत इतिहास असायचा, त्यामुळे ते खरे वाटायचे. एका सोमवारी मोर्च्याला वेळ होता म्हणून देवसिंग पंधरा मिनिटं अंघोळीला घरी आले. तेवढ्यात कोकिळाने टोपी पाटावर ठेवली, शेजारी स्वतः बसली आणि गुरुजींना बोलावलं. गुरुजी टोपीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"गोत्र?" त्यांनी विचारलं.

कोकिळाने टोपीकडे पाहिलं. टोपी गप्प होती. तेवढ्यात देवसिंग "टोपी कुठी गेली वं?" म्हणत बाहेर आले, गुरुजी दचकले, आणि त्यांच्या हातातला कुंकवाचा करंडा बरोबर टोपीच्या बिल्ल्यावर आडवा झाला. सरकारी खाकीवर कुंकू चढतं लवकर, उतरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या परेडला ठाणेदारसाहेबांनी तो गुलाबी डाग पाहिला आणि देवसिंगना आठवडाभर जादा ड्यूटी दिली. त्या आठवड्यात अर्थातच एक सोमवार होता.

मग रजेचा अर्ज. ठाणेदार माणूस वाईट नव्हता. त्याने अर्ज पूर्ण वाचला, कारणाच्या जागी 'पत्नीचे उद्यापन' वाचून क्षणभर डोळेही मिटले, आणि म्हणाला, "राठोड, ज्या सोमवारी आंदोलन नसेल, तो सोमवार तुमचा."

आता गोष्ट विमलताईंच्या यजमानांच्या हातात गेली. तात्या निवृत्त तलाठी. माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच आला होता आणि तात्यांना त्यात दुसरं तारुण्य सापडलं होतं. गल्लीतल्या नालीपासून बंद दिव्यापर्यंत सगळ्यांची माहिती ते मागवून बसले होते. नाली तशीच होती, पण माहिती भरपूर जमली होती. त्यांनी कोकिळाच्या नावाने अर्ज लिहिला: मागील वर्षात तहसील कार्यालयासमोर किती सोमवारी बंदोबस्त लावला, किती मनुष्यबळ, किती वाहने, कोणते साहित्य, एकूण शासकीय खर्च किती.

"मले खर्च कायले पाह्यजे, तात्या? मले सोमवार पाह्यजे."

"तुले नाई समजत. सरकारले खर्च इचारला की सरकार घाबरते. घाबरलं की सुटी देते. कर सही."

कोकिळाने मनात देवाचं नाव घेऊन सही केली, दहा रुपयांचं तिकीट चिकटवलं आणि अर्ज ठाण्यात गेला. ठाण्यात अक्षर चांगलं असलेला माणूस एकच. उत्तराचा मसुदा करायला फाईल त्याच्याकडेच आली.

रविवारी दुपारी देवसिंग ती फाईल आणि ठाण्याची डायरी काखोटीला मारून घरी आले. दोन्ही चौरंगावर ठेवली, मांडी घातली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "अर्जदारबाई, चहा भेटन काय?"

कोकिळाचा चेहरा पडला. "तुमच्याकडंच आलं?"

"साहेबानं इचारलं, राठोड, ही कोकिळा देवसिंग राठोड कोण? मी म्हटलं, असन कोणी. राठोड काय कमी हायेत तालुक्यात! मंग त्यायनं पत्ता वाचून दाखवला."

"रागावले?"

"नाई. म्हणे, बायकोले तीस दिवसाच्या आत उत्तर द्या लागते. लग्न झाल्यापासून मले हे ठाऊक होतं, आता कायदाच झाला म्हणे."

मग ती दोघं चौरंगाच्या दोन बाजूंना बसली. ते डायरीतून तारीख वाचायचे, ती जपमाळेचा एक मणी पुढे सरकवायची. बांबूच्या बल्ल्या, भाड्याने. दोरखंड. रेघ मारायला पांढरी फक्की, पोत्यांनी. दोन गाड्यांचं डिझेल. यवतमाळहून मागवलेल्या जादा माणसांचा भत्ता. चहा, चार हजार एकशे बारा कप.

"एवढा चहा?" कोकिळाने विचारलं. "अन् घरी आल्यावर म्हणता, भुकेनं जीव चालला?"

"चहानंच तं जाते भूक. मंग घरी येऊन पाह्यलं की परत येते."

ती हसली. तिला वाटलं, हा अर्ज आधीच करायला हवा होता. वर्षभरात नवरा इतका वेळ समोर बसला नव्हता. शेवटच्या तारखेला देवसिंगनी विचारलं, "किती मणी?"

"सत्तावीस."

"सत्तावीस," ते म्हणाले. पेन त्यांनी विनाकारण धोतराला पुसलं. बल्ल्यांना रकाना होता, दोरीला होता, चहाला होता. त्यांनी कागद वर-खाली पाहिला, जणू आणखी एखादा रकाना आखायचा राहून गेला असावा. मग निमूट बेरीज केली. एकूण आकडा देवसिंगनी दोनदा तपासला. तात्यांनी नंतर तोच आकडा पाहून सांगितलं की एवढ्यात अख्खं खरेदी केंद्र उघडून त्याला रंगही देता आला असता. तात्यांचे हिशेब मनावर घ्यायचे नसतात. पण कोकिळाच्या मनातून तो गेला नाही.

सरकार काही घाबरलं नाही. कोकिळाला उत्तरातून कामाची गोष्ट एकच मिळाली: बल्ल्या कोणाच्या. ती मोहिउद्दीनच्या मंडपाच्या दुकानात गेली.

"भाभी, तुम्ही कायले आल्या? निरोप धाडायचा," मोहिउद्दीनने गाद्यांच्या ढिगावरून उतरून खुर्ची पुसली. "आंदोलनवाल्यायले मंडप माहा, पोलिसायले बल्ल्या माह्या. दोन्हीकडचे बांबू एकाच बेटातले हायेत. इकडून ढकलतात, तिकडून ढकलतात, अन् मोडते माहाच बांबू."

"मंग तुमाले तारखा ठाऊक असतीन."

"पोलिसायच्या आधी!" त्याने अभिमानाने वही उघडली. सोमवारमागून सोमवार भरलेले होते, थेट पाऊस लागेपर्यंत. "तुमाले कोणता पाह्यजे?"

"कोणताबी. एकच."

तिने हे असं म्हटलं की मोहिउद्दीनची थट्टा तिथेच संपली. त्याने एका नावावर बोट ठेवलं. "बाकीचे पुढारी लोक हायेत, ते नाई ऐकाचे. पण येणारा सोमवार रुखमाबाईचा हाये. तिच्याशी बोलून पाहा."

रुखमाबाई खरेदी केंद्रावर कापसातला काडीकचरा वेचणाऱ्या बायांची म्होरकी. केंद्र बंद म्हणून बायांचं काम बंद. ती वाळवण राखत अंगणात बसली होती. कोकिळाने सगळं सांगितलं, याडीची अट, टोपी, सत्तावीस मणी. टोपीच्या गोत्रापाशी रुखमाबाई इतकी हसली की कोंबड्या पळाल्या. मग ती थांबली.

"आमच्या घरानं छप्पन सालीच धम्म घेतला अन् हे उपासतापास सोडले, बाई. पण नवरा घरी पाह्यजे, हे मले समजते. माहा श्रावण केंद्रावर काटा धरत होता. केंद्र नाई तं काटा नाई. आदिलाबादकडं गेला, तीन महिने झाले. केंद्र उघडलं की येते म्हणे."

दोघी मिळून वाळत घातलेल्या मिरच्या उलटायला लागल्या. एकीचा नवरा मोर्च्यामुळे घरी येत नव्हता, दुसरीचा यावा म्हणून मोर्चा होता. मध्ये कोणाला दोष द्यावा असं कोणी बसलेलं दिसत नव्हतं.

"मंगळवारी साहेब मिटिंगले जाते," रुखमाबाई म्हणाली. "पण एक मंगळवार तुह्या नावानं. आमी मंगळवारी बसतो. मंग त्याच्या पुढच्या सोमवारी तू आमच्यासंग येऊन बसजो. पोलिसाची बायको बसली तं ते लोक जरा अदबीनं बोलतीन."

"बसीन," कोकिळा म्हणाली. तिने नवऱ्याला विचारलं नाही, पंचांग पाहिलं नाही. पाण्याचा थेंब घेण्याआधी तुळशीला पाणी घालणारी बाई ती. तोंडातून गेलेला शब्द तिच्या लेखी धरलेलाच असतो.

रजा मंजूर झाली. सोळा जोडप्यांना आमंत्रणं गेली. कोकिळाने पहाटे उठून गव्हाचा चुरमा केला, तूप-गूळ घालून, परात भरून. पाट दोन मांडले. शेजारचा पाट तिने तीनदा पुसला.

सहा वाजता ठाण्यातून शिपाई आला. रजा रद्द.

झालं असं, की आंदोलन सोमवारचं मंगळवारी गेलं हे कळताच ठाणेदाराची झोप उडाली. आजवर कोणी आंदोलन पुढे ढकललं नव्हतं. मंगळवार सांगतात म्हणजे सोमवारीच येणार, आणि जोरात येणार. हा गनिमी कावा आहे. यवतमाळहून दुप्पट कुमक आली. सकाळी नऊ वाजता तहसील कचेरीसमोर चौऱ्याऐंशी पोलीस, दोन गाड्या, पाण्याचा टँकर आणि मोहिउद्दीनच्या साऱ्या बल्ल्या सज्ज होत्या. पलीकडे फक्त एक गाय होती, आणि तीही निघायच्या बेतात होती.

दहाला गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मला बाराला दुसरीकडे सत्यनारायण आहे."

आयुष्यात आवाज न चढवलेली कोकिळा उठली. आताही तिने तो चढवला नाही. "चला," ती म्हणाली, "तिथंच जाऊ." तिने परात डोक्यावर घेतली. मागे ताम्हन घेऊन गुरुजी, त्यांच्यामागे ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या सोळा बाया, त्यांच्यामागे त्यांचे सोळा नवरे, आणि घंटा वाजवत विमलताई. वायरलेसवर आवाज गेला: "मोर्चा आला. महिला पुढे हायेत. हातात भांडी हायेत."

चौऱ्याऐंशी काठ्या सरळ झाल्या. पांढऱ्या रेघेवर ठाणेदार आडवा आला. "पाचच जणांनी पुढं यायचं. तुमची मागणी काय?"

कोकिळाने परात खाली ठेवली, पदर सावरला. "साहेब, एक हवालदार. अर्ध्या तासासाठी."

त्या दिवशीच्या डायरीत ही नोंद देवसिंगच्याच अक्षरात आहे: आंदोलक पस्तीस, मागणी वरीलप्रमाणे. ठाणेदाराने कचेरीकडे पाहिलं, गायीकडे पाहिलं, चुरम्याच्या वासाने अस्वस्थ झालेल्या चौऱ्याऐंशी माणसांकडे पाहिलं. "राठोड, वीस मिनिटं. पण जागा सोडायची नाही."

जागा न सोडता बसायचं म्हणून देवसिंग बल्लीच्या आतल्या बाजूला बसले, कोकिळा बाहेरच्या. गुरुजींनी आपलं उपरणं देवसिंगच्या खांद्यावर टाकून त्याची आणि तिच्या पदराची गाठ बल्लीवरून बांधली. मध्ये बांबू होता, पण गुडघ्याला गुडघा लागत होता. संकल्पात नवऱ्याचं नाव कोकिळाने एकाऐवजी दोनदा घेतलं आणि देवसिंगनी समोरच्या फक्कीच्या रेघेकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

आरती लागली तोच वायरलेस ओरडला: नागपूरचे साहेब पोचून राह्यले. देवसिंग ताडकन सलाम ठोकायला उठले. गाठ पक्की होती. कोकिळा उठली, बल्ली उठली, बल्लीला बांधलेली दुसरी बल्ली उठली, आणि त्या सगळ्या मोहिउद्दीनच्या "अल्ला, नवे होते!" या आरोळीसकट आडव्या झाल्या.

नागपूरचे साहेब केंद्राची गरज आहे की नाही हे पाहायला अचानक आले होते. त्यांना दिसल्या नटलेल्या बाया, हसणारे पोलीस, आरतीचं ताट. कोकिळाने बहुमानाने त्यांना चुरमा दिला. त्यांना आवडला. तिने आणखी एकदा वाढला.

मंगळवारी रुखमाबाई चाळीस बायांना घेऊन आली. तहसीलदार मिटिंगला होते. बंदोबस्त सोमवारी वापरून संपला होता. अडवायला कोणी नाही म्हणून ऐकायलाही कोणी नव्हतं. बाया बंद दरवाज्याकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत बसल्या आणि उठल्या. कोकिळा पाणी घेऊन गेली, तेव्हा रुखमाबाई तिला पाहून म्हणाली, "तुहा सोमवार झाला नं?"

"झाला."

"मंग ठीक हाये."

बुधवारी देवसिंग जेवायला बसले आणि भाकरी मोडून तशीच ठेवली. "त्या साहेबानं काय लिहिलं ठाऊक हाये? आर्णीत वातावरण समाधानाचं हाये. केंद्राची निकड दिसत नाई."

कोकिळाच्या हातातला पळा आमटीत तसाच राहिला. दोनदा चुरमा वाढला होता तिने त्यांना.

उपास सुटला होता. तरी त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. देवाला कौल लावावा असंही वाटलं नाही. त्याने त्याची बाजू पार पाडली होती. वीस मिनिटं गुडघ्याला लागलेला गुडघा तिला दिवसातून चारदा आठवे, आणि दर वेळी त्याच्यामागून एक मोकळा काटा आठवे, आदिलाबादला गेलेल्या माणसाचा.

रविवारी चहा देताना ती म्हणाली, "मी उद्या रुखमाबाईसंग बसणार हाये. बोलली होती."

देवसिंगनी कप खाली ठेवला. नोकरीचं, ठाणेदाराचं, नागपूरचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. उठून चप्पल घातली, दारापर्यंत गेले, आणि तिकडे तोंड करूनच म्हणाले, "निंबाखाली बसजा. रेघेच्या उजव्या हाताला. बारानंतर बाकी कुठी सावली रायत नाई तिथं."

सोमवारी सातला ते टोपी घालून गेले. कोकिळाने तुळशीला पाणी घातलं, एक सतरंजी काखेत घेतली, पाण्याची कळशी भरली. विमलताई दारातून ओरडल्या, "आता कोणता सोमवार धरला वं?" कोकिळाने कडी लावली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि डोक्यावरचा पदर नीट करून ती कचेरीच्या दिशेने चालू लागली. रस्त्यावर अजून कोणी नव्हतं. मोहिउद्दीनची गाडी बल्ल्या उतरवून परत येत होती. गाडीला वाट द्यायला कोकिळा बाजूला झाली, आणि पुन्हा चालू लागली.